सुट्या भागांचे दप्तर

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, घड्याळे किंवा मोटारगाड्या जमविणाऱ्या गृहस्थास समाजात जी एक प्रकारची मान्यता लाभते, ती जुन्या सायकलींच्या सुट्या भागांचा संग्रह करणाऱ्याच्या वाट्याला आपल्याकडे अद्याप आलेली नाही. माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवलेला मागचा हब, चामड्याची सीट अथवा पितळी घंटा पाहून घरची मंडळी त्याची गणना भंगार साठविणाऱ्यांत करतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच वस्तूंवर पहिली संक्रांत येते. युरोप, जपान व अमेरिका या मुलखांत मात्र गेल्या अर्धशतकात या छंदाला चांगलीच शिस्त आली आहे. इंग्लंडातील व्हेटरन-सायकल क्लब १९५५ सालापासून जुन्या सायकलींच्या कालनिश्चितीचे काम करीत आला आहे. ओसाकानजीकच्या साकाई शहरी शिमानो कंपनीच्या आश्रयाने सायकलींचे स्वतंत्र संग्रहालय उभे आहे. दानिएल रेबूर या फ्रेंच रेखाटनकाराने काढलेली ब्रेक, पायडल व गिअर यांची चित्रे आज प्रमाण मानली जातात. आणि केवळ साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या डिरेलर नामक यंत्रणेच्या इतिहासावर फ्रँक बर्टो यांनी ‘द डान्सिंग चेन’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. इतका खटाटोप कशासाठी, संग्राह्य म्हणावे असे कोणते, त्याचे मोल कशावरून ठरवावे आणि हाती आलेली वस्तू कोणत्या अवस्थेत ठेवावी, या प्रश्नांचा आढावा आपल्या दृष्टीने घेण्याजोगा आहे.

सबंध सायकल सोडून सुट्या भागांकडेच का वळावे, ही पहिली शंका. तिचे उत्तर सायकलीच्या घडणीतच सापडते. ज्या कारखान्याचे नाव सांगाड्याच्या कपाळावर पितळी बिल्ल्याने मिरवत असते, त्याने पुष्कळदा नळ्या जोडून सांगाडा तेवढा उभा केलेला असतो. सीट बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सची, दिवा त्याच शहरातील ल्यूकसचा किंवा मिलरचा, चेनव्हील व क्रँक विल्यम्सचे, टायर डनलॉपचे आणि मागचा हब नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा, असा सगळा मालमसाला ठिकठिकाणाहून येऊन एका छताखाली जुळविला जाई. रॅलेसारखा बडा कारखाना बहुतेक वस्तू घरच्या घरी घडवी, पण तो अपवाद. सांगाड्यांच्या क्रमांकांची दप्तरे पुष्कळ कारखान्यांतून गहाळ झाली आहेत. भागांवर मात्र सन, महिना, पेटंटाची निशाणी, चिन्ह असा काही ना काही दाखला पोलादातच ठोकलेला आढळतो. ज्याला सायकलीचे वय ठरवावयाचे आहे त्याने रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा भाग वाचावयास शिकावे, हे या छंदाचे पहिले सूत्र होय.

या छंदात अग्रपूजेचा मान निर्विवादपणे इटलीतील कांपान्योलो या नावाचा आहे. १९०१ साली व्हिचेंझा येथे जन्मलेला तुल्यो कांपान्योलो हा शर्यतीचा सायकलपटू. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने खिंडीत बर्फातून शर्यत चालली असता, त्या काळी मागचे चाक काढून उलटे बसविल्याखेरीज गिअर बदलता येत नसल्यामुळे तो खाली उतरला, आणि गारठलेल्या बोटांनी चाकाचे कानाचे नट काही केल्या सुटेनात तेव्हा त्याला एका खटक्यासरशी चाक मोकळे करणाऱ्या कळीची कल्पना सुचली, अशी कथा त्या घराण्याने प्रसृत केलेली आहे. इतिहासकार ती सावधपणेच घेतात. मात्र १९३३ साली त्याने काढलेल्या कारखान्यातून पुढे जे बाहेर पडले त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. १९५१ च्या सुमारास विक्रीस आलेल्या ‘ग्रान स्पोर्त’ डिरेलरमध्ये समांतरभुज चौकोनासारख्या चार सांध्यांच्या रचनेने साखळी आडवी सरकविण्याची जी युक्ती स्थिर झाली, तीच १९६३ च्या ‘रेकॉर्ड’मध्ये आणि १९६७ पासून अॅल्युमिनियमच्या ‘नुओव्हो रेकॉर्ड’मध्ये चालू राहिली, तिचा घाट इतका रेखीव, तिचे पॉलिश इतके खोल आणि तिची झीज इतकी मंद, की दोन-दोन पिढ्यांचे शर्यतपटू तिच्याशिवाय दुसरे काही लावीनात. १९७० च्या दशकातील या डिरेलरच्या अंगावर ‘पेटंट’ या शब्दापुढे सनाचे दोन आकडे असतात, हबच्या नटावर सन असतो, क्रँकच्या पाठीवर एक लहानशी खूण असते. आणि तिन्ही खुणा एकमेकींशी जुळणारी सायकल मिळाली म्हणजे संग्राहकाला शेअरबाजारात तेजी आल्याचा आनंद होतो.

परंतु या पूजेत अंधश्रद्धेचा अंश थोडा नाही. त्या काळच्या कांपान्योलो क्रँकमध्ये, मुख्य दांडीपासून चेनव्हीलची भुजा जेथे फुटते त्या बेचक्यात, केसासारखी बारीक चीर पडते, आणि काचपेटीत सोन्यासारखी शोभणारी क्रँक पायाखाली मोडू शकते. म्हणून ज्याला ती चालवावयाची आहे त्याने विकत घेण्यापूर्वी तो बेचका भिंगाखाली पाहावा. दुसरे असे, की गिअर बदलण्याच्या कामात ‘नुओव्हो रेकॉर्ड’ ही सर्वोत्तम कधीच नव्हती. जपानमधील सनटूरने १९६४ मध्ये समांतरभुज चौकोन तिरका बसविला, त्यामुळे साखळीला दिशा देणारे लहान चक्र मोठ्या-लहान दातेरी चक्रांच्या उताराला धरून चालू लागले व गिअर सहज, बिनचूक बदलू लागला. हे पेटंट १९८४ मध्ये संपताच बाकीच्या कारखान्यांनी तीच रचना उचलली. आजची जवळपास प्रत्येक गिअरची सायकल सनटूरच्या कल्पनेवर चालते, आणि तरीही बाजारात सनटूरचा उत्कृष्ट डिरेलर इटालियन नावाच्या एका अंशाला मिळतो. गुणापेक्षा कुळाला किंमत देण्याची ही रीत संग्रहाच्या बाजारात नवी नाही. पण ज्याला यंत्राचे कौतुक आहे त्याने तिच्या मागे जाण्याचे कारण नाही. खरा रसिक अजून सनटूर स्वस्तात मिळतो याबद्दल देवाचे आभार मानील.

फ्रेंच भागांचे वेड वेगळ्या जातीचे. स्ट्राँगलाइट, टी.ए., माफाक ही नावे घेणारे लोक शर्यतीपेक्षा दूरच्या प्रवासाचे शौकीन असतात, आणि डोंगरात सामान लादून चढावयाचे म्हणजे कोणते दाते हवेत याचा हिशेब करण्यात त्यांची संध्याकाळ जाते. शर्यतवाल्यांचा ध्यास याउलट वजन घटविण्याचा. शर्यतपटू एडी मर्क्स याने १९७२ च्या ऑक्टोबरात मेक्सिको शहरी एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले, त्या वेळी त्याच्या सायकलीचे भाग वजन घटविण्यासाठी भोके पाडून चाळणीसारखे केलेले होते; त्याचे अनुकरण करीत पुढे दशकभर हौशी लोकांनी चेनव्हीलपासून ब्रेकच्या खटक्यापर्यंत जे दिसेल ते ड्रिलखाली घातले. ही सोंगे आज महाग विकली जातात. मला त्यांचे आकर्षण नाही. तस्कनीतील गायोले या गावी १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या यात्रेने मात्र मोठे काम केले. १९८७ पर्यंतच्या बनावटीच्या सायकली, गिअरचा खटका खालच्या नळीवर, पायडलला चामडी पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर मोकळ्या, अशा तिच्या अटी असल्यामुळे कपाटातील भाग पुन्हा रस्त्यावर आले. त्यापायी भाव वाढले, ही तक्रार खरी. पण चाललेल्या वस्तूचे ज्ञान टिकते, ठेवलेल्या वस्तूचे नाव तेवढे टिकते.

आता ज्या वस्तूपाशी मला अधिक रेंगाळावयाचे आहे, ती शर्यतीची नव्हे. ती आहे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. १९०२ साली रॅलेचे मालक फ्रँक बोडेन यांनी हेन्री स्टर्मी व जेम्स आर्चर यांच्या पेटंटांवर नॉटिंगहॅम येथे हा धंदा उभारला. आर्चरच्या नावे नोंदलेल्या रचनेमागे खरे डोके विल्यम रायली याचे होते, पण पूर्वीच्या मालकाशी झालेल्या कराराने तो बांधला गेल्यामुळे स्वतःचे नाव पुढे करू शकला नाही, आणि इतिहासाने त्याची नोंद फार उशिरा घेतली. या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध हब म्हणजे १९३६ साली आलेला ‘ए-डब्ल्यू’. बाहेरून पाहिले तर मागच्या चाकाच्या मध्यभागी बसलेला एक जाडसर डमरू. आत मात्र अॅक्सलवर कोरलेले स्थिर सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी चार ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे आतून दातेरी कडे, अशी एक आटोपशीर सूर्यमालाच नांदत असते. मधला गिअर सरळ. वरचा त्याच्या तृतीयांशाने जड, खालचा चतुर्थांशाने हलका. खालच्या गिअरमध्ये पायडल मारताना हब मुका राहतो, मधल्या व वरच्या गिअरमध्ये आतील कुत्री, म्हणजे एका दिशेने अडकणारे खटके, टिकटिक करतात. जाणता माणूस मागून येणाऱ्या सायकलीचा आवाज ऐकून तिचा गिअर सांगू शकतो.

हा हब हाती आला तर प्रथम त्याच्या अंगावरची माती पुसून अक्षरे वाचावी. ‘ए-डब्ल्यू’ नंतर सनाचे दोन आकडे आणि त्यापुढे महिना ठोकलेला असतो. ‘५६’ व ‘३’ असे असेल तर तो हब १९५६ च्या मार्चमधला. येथे एक सावधगिरी हवी. चाक मोडल्यावर नवे चाक घालणे हा सर्वत्र रिवाज असल्यामुळे हबचा सन हा सायकलीचा सन असेलच असे नाही. तो सीट, चेनव्हील व दिवा यांच्या साक्षीने पडताळून घ्यावा. नंतर उजव्या बाजूच्या लांब नटाला जी खिडकी असते तीत डोकवावे: अॅक्सलच्या पोटातून निघालेली एक नाजूक साखळी गिअरच्या तारेला जोडलेली दिसते, आणि मधल्या गिअरवर त्या साखळीच्या दांड्याचा खांदा अॅक्सलच्या टोकाशी बरोबर येतो की नाही हे पाहून तार कमी-जास्त केली जाते. हे एवढे एक काम चुकले तर मधल्या व वरच्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा उरते, उभे राहून जोर लावताच पायडल एकदम पोकळ फिरते आणि स्वार पुढच्या दांडीवर आदळतो. पुष्कळ चांगले हब ‘आतून गेला’ असा शेरा मिळून भंगारात गेले ते केवळ ही तार न जुळविल्यामुळे. तेलाचेही तसेच. हबच्या पोटावर लहान टोपीचे भोक असते, त्यातून पातळ तेलाचे चार थेंब सोडावयाचे; पण ओव्हरऑइल करताना आत जाड ग्रीस भरण्याचा उत्साह दाखविला की कुत्री चिकटतात.

याच कारखान्याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनामो बसविला, त्याची हकिगत तर आणखी शिकवण देणारी आहे. टायरला घासून फिरणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनामोसारखा तो घरघरत नाही, चाकाला ओढही फारशी लावीत नाही. मात्र त्याच्या आतील चुंबकाच्या कड्यातून तारांचे वेटोळे बाहेर काढताना, चुंबकाला लोखंडी कड्याचा आधार न देता ते नुसते उपटले, तर चुंबकाची शक्ती त्याच क्षणी बव्हंशी नाहीशी होते, आणि बाहेरून तसाच दिसणारा हब पुढे दिवा मिणमिणता ठेवतो. हौसेने साफ करावयास घेतलेली वस्तू हौसेनेच मारली जाते, ती अशी.

दिव्यांचा संग्रह हा या छंदातील स्वतंत्र प्रांत. ल्यूकसचे ‘किंग ऑफ द रोड’ हे नाव उंच चाकाच्या सायकलींच्या काळातले. तेलाच्या दिव्यानंतर कार्बाइडचे दिवे आले, ज्यांत वरच्या कप्प्यातील पाणी थेंबाथेंबाने खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडून अॅसिटिलीन वायू तयार होई. आपल्याकडे घासलेटची बत्ती दीर्घकाळ चालली, आणि रात्री बत्तीवाचून निघालेल्या सायकलस्वाराला पोलिसाने अडविणे हा शहरी जीवनाचा नित्याचा प्रसंग होता. सीटच्या बाबतीत ब्रुक्सचे साम्राज्य. १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे घोड्यांच्या सामानाचा व्यापार सुरू करणाऱ्या जॉन बोल्टबी ब्रुक्सने १८८२ साली सायकलीच्या सीटचे पेटंट घेतले. तिचे जाड चामडे पुढच्या बाजूच्या बोल्टने ताणलेले असते आणि स्वाराच्या बैठकीप्रमाणे कालांतराने घाट घेते. दुसऱ्याच्या बैठकीचा घाट घेतलेली सीट विकत घेणारा संग्राहक ती भिंतीवर टांगतो, हे शहाणपणाचेच.

जतनाच्या प्रश्नावर संग्राहकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, वस्तू नवी होती तशी करावी. दुसरा म्हणतो, काळाने तिला दिलेले रूप हाच तिचा दाखला. माझा कौल दुसऱ्या पक्षाला, थोड्या तडजोडीसह. १९३० च्या सुमाराच्या आधीचे भाग निकेलचे, त्यात किंचित पिवळसर उबदार झाक. नंतर क्रोम आले, ते निळसर व कठोर. निकेलचा जुना भाग चमकावा म्हणून क्रोममध्ये बुडविला, तर त्याचे वय कोणत्याही उपायाने परत येत नाही. आधी बफिंग करताना कारखान्याची पुसट अक्षरेही घासली जातात. गंज वाढू नये इतपत तो काढावा, तेलाचा हात फिरवावा, आणि मूळ रंगावरची सोनेरी रेघ अर्धी उरली असेल तर अर्धीच ठेवावी. चालविण्यासाठी लागणारे टायर, रबर, तारा नव्या घालण्यास कोणाची हरकत नसावी. आट्यांची बाब अधिक नाजूक आहे. इंग्लिश सायकलीच्या खालच्या अॅक्सलच्या वाट्यांना इंचात २४ आटे, पण रॅलेच्या जुन्या सायकलींना २६. उजव्या बाजूची वाटी डाव्या आट्यांची. हे न कळता पाना लावणारा आणि क्रँकचा कॉटर हातोड्याने थेट टोकावर ठोकणारा, हे दोघे मिळून जितके जुने सांगाडे वाया घालवितात तितके गंजही घालवीत नाही.

या छंदातील खरे पाप मात्र निराळे. सबंध सायकलीपेक्षा तिचे भाग सुटे विकल्यास अधिक पैसा येतो, म्हणून सुस्थितीतील, एका मालकाच्या हातची, मूळ भागांसह टिकलेली सायकल बाजारात फोडली जाते. हब एका देशी, डिरेलर दुसऱ्या, सांगाडा गोदामात. ज्याला भागांचे महत्त्व कळते त्यानेच त्यांचा परस्परसंबंध तोडावा, हे फारच विपरीत. मोडक्या, अपघातग्रस्त सांगाड्याचे भाग जरूर काढावे. धड सायकल फोडणे हे मात्र दप्तराची पाने सुटी करून रद्दीत विकण्यासारखे आहे.

आपल्या देशाचा विचार करता प्रश्नाला वेगळे वळण लागते. येथे प्रथम रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस, फिलिप्स असा विलायती माल आला, बी.एस.ए. च्या चेनव्हीलमधील तीन बंदुकांची खूण आणि रॅलेच्या चेनव्हीलमधील बगळ्यांची डोकी जुन्या लोकांना अजून आठवतात. मग मुंबईत हिंद सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासनजीक अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स, सोनिपतला अॅटलस, लुधियान्यात हिरो असे कारखाने निघाले. यांनी जी काळी, उंच, सळयांच्या ब्रेकची, मोठ्या चाकांची सायकल घडविली, तिचा आराखडा दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडचा. इंग्लंडाने तो टाकून दिल्यावरही आपण तो चालू ठेवला, आणि आज तेथील संग्राहकाला त्याच्या जुन्या सायकलीसाठी २८ इंची दीड इंच रुंदीचा टायर बहुधा हिंदुस्थानी बनावटीचाच घ्यावा लागतो. आपल्या संग्राहकांचे लक्ष मात्र विलायती मालावर. हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने १९८० साली सरकारने ताब्यात घेतले व पुढे मावळले; अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये थांबला. त्यांचे कपाळावरचे बिल्ले, चेनव्हील, चेनकव्हरवरचे अक्षरलेखन यांना अजून भावच नाही, म्हणजे ते भट्टीत जात आहेत. संग्रहाला खरे निकडीचे क्षेत्र हेच.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि तेथे कर्वेनगरात २०१७ साली विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय सुरू झाले, ही या दृष्टीने समाधानाची गोष्ट. तेथे सायकलींबरोबर सुट्या वस्तूही पाहावयास मिळतात. परंतु एका संग्रहालयाने एवढ्या मोठ्या मुलखाचे काम भागणार नाही. नगरपालिका सायकलीवर कर घेऊन जो धातूचा बिल्ला देत, त्यावर गावाचे नाव व सन असे. तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकानदार मडगार्डवर आपले नाव व क्रमांक रंगवीत. असा बिल्ला अडकविलेली दांडी, असे मडगार्ड, हा आपल्या गावांच्या वाहतुकीचा लेखी पुरावा आहे, आणि जुन्या बाजारात तो किलोच्या भावाने जातो. त्याबरोबरच, चाकाचा आउट डोळ्याने काढणारे, छर्रे हाताने चाचपून कोन कसणारे वृद्ध कारागीर अजून गावोगावी आहेत. त्यांच्याकडून सळयांचे ब्रेक जुळविण्याची रीत लिहून घेणे हेही संग्रहाचेच काम मानावे.

ज्यांना या छंदाचा श्रीगणेशा करावयाचा आहे त्यांनी इटलीकडे पाहण्यापूर्वी घरच्या माळ्याकडे पाहावे. सापडलेल्या प्रत्येक भागासाठी वहीत एक पान लावून, तो कोणाच्या सायकलीचा, कोणत्या गावी मिळाला, त्यावर काय ठोकले आहे, आणि तो मूळचा की मागाहून बसविलेला, हे चार रकाने शाईने भरावे. आणि ज्यांच्या घरी आजोबांची सबंध सायकल अद्याप उभी आहे, त्यांना विनंती एवढीच, की खरेदीची पावती, कराचा बिल्ला व दिवा तिच्यापासून अलग करू नयेत, आणि विकावयाचीच झाली तर ती सबंध विकावी.